उकिरड्याचे पांग

बारा वर्षांनी उकिरड्याचेही पांग फिटतात, अशी आपल्याकडे म्हण आहे. ती ज्याच्या तोंडून प्रथम निघाली त्याच्यासमोर घरामागचा शेणाकेराचा ढीग असणार. पण अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात एक उकिरडा असा आहे की, त्याची साफसफाई सुरू होऊन एक सोडून तीन तपे झाली, तरी अजून दोन पिढ्यांना पुरेल एवढे काम शिल्लक आहे. नवल पुढेच आहे. ह्या उकिरड्याचे पांग फिटायचे तेव्हा फिटतील. तोपर्यंत त्याने शेजारच्या तीन गावांचे पांग मात्र फेडून टाकले आहेत!

वाचकहो, दिवाळीच्या तोंडावर आपण सारेच घर झाडून काढतो. माळ्यावरची अडगळ खाली येते, रद्दीवाल्याला हाक जाते, भिंतींना रंग लागतो. ह्या सगळ्याचा खर्च आपण मुकाट्याने खर्चाच्या रकान्यात मांडतो. पण समजा, एखाद्या कुटुंबाची मिळकतच घर साफ करण्यावर चालली आहे. पैसे दूरचा मालक धाडतो आहे. आणि घर स्वच्छ झाले की पैसे बंद होणार आहेत. त्या कुटुंबाने केरसुणी जोरात चालवावी की बेताबेताने? हा प्रश्न त्या तीन गावांपुढे गेली कित्येक वर्षे उभा आहे, आणि तो मला तिथे राहून पाहायला मिळाला.

माझी पुतणी आणि तिचे यजमान रिचलंड येथे असतात. पुतणी रसायनशास्त्रातली इंजिनीअर असून ह्या सफाईच्याच एका कंत्राटदाराकडे नोकरी करते. २०१८ च्या उन्हाळ्यात मी तिच्याकडे सहा आठवडे होतो. अमेरिका म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे आकाशाला भिडणाऱ्या इमारती येतात. इथे पाहावे तो चहूकडे करडे माळ, त्यांवर खुरटी झुडपे, वर्षाकाठी जेमतेम सात इंच पाऊस, आणि ह्या रखरखाटातून वाहणारी कोलंबिया नदी. नदीच्या काठी रिचलंड, केनेविक आणि पास्को ही तीन गावे एकमेकांना खेटून वसली आहेत. लोक तिघांना मिळून ‘ट्राय-सिटीज’ म्हणतात. आपण त्रिनगरी म्हणू. त्रिनगरीच्या उत्तरेला तो उकिरडा पसरला आहे. त्याचे नाव हॅनफर्ड.

तीस दिवसांत गाव रिकामे

१९४३ साली अमेरिकन सैन्याला अणुबाँबसाठी प्लुटोनियम तयार करण्याची जागा हवी होती. भरपूर पाणी, भरपूर वीज आणि विरळ वस्ती ह्या मुख्य अटी होत्या. हॅनफर्ड आणि व्हाइट ब्लफ्स ह्या फळबागांच्या दोन खेड्यांवर बोट ठेवले गेले. सुमारे दीड हजार माणसांना घरे सोडण्याचा हुकूम मिळाला. कित्येकांना अवघी तीस दिवसांची मुदत होती. नदीवर पिढ्यान्‌पिढ्या मासे धरणाऱ्या वानापम लोकांची वाटही बंद झाली. एकूण जमीन घेतली ती ५८६ चौरस मैल, म्हणजे आपल्या बृहन्मुंबईच्या सुमारे अडीचपट.

पुढच्या वर्षी तेथे ४५ हजार कामगार राबत होते. आपण काय बांधतो आहोत हे त्यांच्यापैकी बहुतेकांना ठाऊक नव्हते. १९४४ च्या सप्टेंबरात ‘बी’ नावाची अणुभट्टी पेटली. ९ ऑगस्ट १९४५ रोजी नागासाकीवर जो बाँब पडला, त्याच्या पोटात हॅनफर्डचे प्लुटोनियम होते. युद्ध संपले, पण रशियाशी चुरस लागली आणि नदीकाठी एकूण नऊ भट्ट्या उभ्या राहिल्या. चाळीसेक वर्षांत तेथे सुमारे ६७ टन प्लुटोनियम निघाले. अमेरिकेने तयार केलेल्या एकूण साठ्याचा हा जवळजवळ दोनतृतीयांश भाग.

अडीचशे-तीनशे वस्तीचे रिचलंड ह्या काळात पंचवीस हजारांचे झाले. सारे गाव सरकारी मालकीचे. घरांच्या नमुन्यांना ए, बी, सी अशी अक्षरे होती. ती ‘अक्षरांची घरे’ आजही ओळीने उभी आहेत. कोणाला कोणते घर मिळावे हे सरकार ठरवी, आणि नोकरी सुटली की घरही सुटे. घरे रहिवाशांना विकून गावाचा कारभार गावाच्या हाती देण्यास १९५८ साल उजाडावे लागले.

कढईतला गाळ

आता हा उकिरडा साठला कसा ते पाहू. युरेनियमच्या कांड्या भट्टीत भाजल्या की त्यांत टनामागे काहीशे ग्रॅम प्लुटोनियम तयार होते. ते काढण्यासाठी साऱ्या कांड्या आम्लात विरघळवाव्या लागतात. चिमूटभर माल हाती येतो आणि हंडाभर विषारी, किरणोत्सर्गी रांधा मागे उरतो. तो जमिनीखालच्या पोलादी टाक्यांत भरून ठेवला गेला. पुढचे पुढे पाहू, अशी त्या घाईच्या काळातली वृत्ती होती. पुढचे पाहता पाहता टाक्या १७७ झाल्या आणि त्यांत ५ कोटी ६० लाख गॅलन रांधा साठला. त्यांतील १४९ टाक्या एकपदरी आहेत. साठसत्तर टाक्या गळल्या असाव्यात असे मानले जाते, आणि सुमारे दहा लाख गॅलन द्रव जमिनीत मुरला आहे. खाली भूजल आणि भूजलाच्या पुढे कोलंबिया नदी.

शेवटची भट्टी १९८७ साली थंडावली. १५ मे १९८९ रोजी वॉशिंग्टन राज्य, केंद्राचे पर्यावरण खाते आणि केंद्राचे ऊर्जा खाते ह्या तिघांत करार झाला, आणि हॅनफर्डचा धंदा एका सहीने पालटला. काल बाँबचा माल बनवणारे हात आज त्याची घाण उपसू लागले.

पैसा येतो कसा, जातो कुठे

गावाच्या दृष्टीने ही सही म्हणजे साक्षात लक्ष्मीचे पाऊल होते. त्याआधीचे दशक फार वाईट गेले होते. वीज निर्माण करणाऱ्या पाच अणुकेंद्रांची एक भव्य योजना त्या राज्यात निघाली होती. त्यांपैकी तीन हॅनफर्डच्या आवारात व्हायची होती. १९८२ साली कामे थांबू लागली, १९८३ साली सव्वादोन अब्ज डॉलरांच्या कर्जरोख्यांची परतफेड थकली, आणि शेवटी पाचांतले एकच केंद्र पुरे झाले. त्रिनगरीतील लोकांनी बिऱ्हाडे हलवली. शिरगणतीच सांगते: दोन जिल्ह्यांची मिळून वस्ती १९८० साली १ लाख ४४ हजार होती, ती दहा वर्षांनी कशीबशी दीड लाखावर आली.

सफाईचा पैसा सुरू झाला आणि चित्र बदलले. १९९४ च्या सुमारास हॅनफर्डवर अठरा-एकोणीस हजार माणसे कामाला होती. त्रिनगरीतल्या दर चार नोकऱ्यांमागे साधारण एक थेट हॅनफर्डची. अलीकडच्या वर्षांत केंद्र सरकार ह्या एका जागेवर वर्षाला सुमारे अडीच ते तीन अब्ज डॉलर खर्च करते. आपल्या भाषेत अडीचशे-तीनशे कोटी डॉलर!

हा पैसा गावात कसा झिरपतो हे मी पुतणीच्या घरी बसून पाहिले. तिच्या पगारातून घराचा हप्ता जातो. म्हणजे गवंडी, सुतार, पेढीवाला पोसला जातो. शनिवारी बाजारहाट होतो. म्हणजे दुकानदार, गाडीवाला, हॉटेलातली वाढपीण पोसली जाते. मुलांची शाळा, दंतवैद्य, बागेतले गवत कापणारा मेक्सिकन माळी, सगळ्यांच्या चुली त्याच जाळावर. पण सारा पैसा गावात राहत नाही. खास यंत्रे दूरच्या कारखान्यांतून येतात, आणि मोठ्या कंत्राटदारांचा नफा त्यांच्या मुख्य कचेऱ्यांकडे जातो. शिवाय सरकारी जमिनीवर स्थानिक कर बसत नाही; त्याच्या बदल्यात केंद्राकडून मिळणाऱ्या रकमेवर जिल्ह्याला समाधान मानावे लागते.

आणखी एक गोम आहे. सफाईच्या कामाला पगार चांगले. विषारी जागी, मुखवटे चढवून काम करणाऱ्याला ते मिळायलाच हवेत. पण मग गावातल्या लहान कारखानदाराला त्या तोडीचे पगार परवडत नाहीत. हुशार फिटर, चांगला वीजतंत्री हॅनफर्डकडेच धाव घेतो. वडाच्या झाडाखाली दुसरे झाड वाढत नाही, तसा हा प्रकार.

न्यू जर्सीतील रटगर्स विद्यापीठाचे प्राध्यापक मायकेल ग्रीनबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० नंतरच्या दशकात अमेरिकेतल्या अशा साऱ्या मोठ्या जागांच्या अर्थव्यवहाराचा अभ्यास केला. त्याचे तात्पर्य कोणाही संसारी माणसाला पटेल असे आहे. मोठ्या शहराशेजारच्या जागेवर खर्च वाढला काय किंवा घटला काय, त्या शहराला त्याची खबरही लागत नाही. हॅनफर्डसारख्या आडरानातल्या जागेवर मात्र तोच डॉलर गावाचा श्वास असतो.

नळ बंद होतो तेव्हा

हा श्वास दुसऱ्याच्या हाती आहे, हीच खरी मेख. पैशाचा आकडा दर वर्षी दोन-अडीच हजार मैलांवरची संसद ठरवते. १९९५ साली तिकडे काटकसरीचे वारे सुटले आणि हॅनफर्डवर हजारो लोकांना घरी बसावे लागले. २००९ साली मंदीवर उतारा म्हणून केंद्राने जादा पैसा वाटला. त्यातले जवळजवळ दोन अब्ज डॉलर हॅनफर्डला मिळाले. नवी माणसे घेतली गेली, भाड्याची घरे मिळेनाशी झाली. २०११ साली तो पैसा संपला आणि पुन्हा कपात झाली. आपल्या गिरणगावाने एकदाच सोसले ते इथल्या लोकांनी हप्त्याहप्त्याने सोसले आहे.

एके संध्याकाळी मी पुतणीला सरळच विचारले, “काय गं, तुमचं काम लवकर संपावं असं तुम्हाला वाटतं का?”

ती जरा थांबून म्हणाली, “काका, आम्हाला मनापासून वाटतं. मुलांना ह्याच नदीत पोहायला शिकवलंय मी. पण काम संपल्यावर काय करायचं, हे मात्र इथे कुणी मोठ्यानं विचारत नाही.”

तिचे यजमान हसून म्हणाले, “घराचं कर्ज तीस वर्षांचं घेतलंय, काका. त्या टाक्या तेवढ्या तरी टिकतील!”

विनोद होता, पण त्यामागचे भय मला कळले. भय दोन्हीकडून आहे. मी जाण्याच्या आदल्याच वर्षी, ९ मे २०१७ रोजी, जुन्या दूषित सामानाने भरलेल्या एका बोगद्याचे छत खचले होते, आणि हजारो कामगारांना दारे-खिडक्या लावून आत बसण्याचा इशारा दिला गेला होता. काम रेंगाळले की लाकडे कुजतात, पोलाद गंजते, आणि कामगाराच्या फुप्फुसात काय गेले ते वीस वर्षांनी कळते. आजारी कामगारांना भरपाई सुलभ व्हावी म्हणून वॉशिंग्टन राज्याने २०१८ साली कायदा केला. केंद्र सरकार त्याविरुद्ध भांडले, आणि २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाने एकमताने तो कायदा रद्द ठरवला. राज्याने दरम्यान त्याची शब्दरचना बदलून घेतली होती म्हणून निभावले. तेव्हा ही मिळकत फुकटची आहे असे कोणी समजू नये.

ज्यांनी काम संपवले

काम खरेच संपवल्याचे एक उदाहरण कोलोराडो राज्यात आहे. डेन्व्हर शहरापासून सोळा मैलांवर रॉकी फ्लॅट्स नावाचा कारखाना होता. बाँबच्या गाभ्यातले प्लुटोनियमचे गोळे तिथे घडवीत. १९८९ च्या जूनमध्ये केंद्राच्या पोलिसांनी ह्या सरकारी कारखान्यावरच छापा घातला आणि तिथला गलथानपणा चव्हाट्यावर आला. सफाईला पासष्ट-सत्तर वर्षे लागतील आणि ३६ अब्ज डॉलरांहून अधिक खर्च येईल, असा अंदाज १९९५ साली निघाला. प्रत्यक्षात २००५ च्या ऑक्टोबरात काम पुरे झाले, आणि ते सुमारे सात अब्ज डॉलरांत!

हे जमले कसे? काही प्रमाणात अपेक्षा खाली आणून. खोल जमिनीतले सारेच दूषण काढायचे नाही असे ठरले, आणि त्यावर तेथे अजून वाद चालतो. पण मोठे कारण कंत्राटाच्या रचनेत होते. लवकर आणि स्वस्तात संपवाल तर जास्त फायदा, असा करार कंपनीशी झाला, आणि त्या फायद्याचा वाटा कामगारांपर्यंत पोचला. स्वतःची नोकरी स्वतःच्या हाताने मोडून टाकणाऱ्या माणसाला त्याची किंमत मिळाली. आठशेच्या आसपास इमारती जमीनदोस्त झाल्या. आज तेथे बहुतेक भागात वन्यपशूंचे अभयारण्य आहे. २०१८ पासून लोक तिथे पायी फिरतात.

आणि नोकऱ्या? डेन्व्हरसारख्या बड्या शहराने त्या सहज पोटात घेतल्या. त्रिनगरीची अडचण इथेच आहे. तिच्या शेजारी डेन्व्हर नाही. काम संपेल त्या दिवशी लोकांना सामावून घेणारे शहर तिला स्वतःच व्हावे लागेल.

दुसरी चूल

ही अक्कल त्रिनगरीला फार पूर्वी एकदा आली होती. १९६४ साली अध्यक्ष जॉन्सन यांनी प्लुटोनियमचे उत्पादन घटवण्याचे जाहीर केले, तेव्हा गावच्या व्यापाऱ्यांनी आणि राजकारण्यांनी एक शक्कल लढवली. हॅनफर्डचे काम ज्याला हवे त्याने गावात दुसराही काही उद्योग काढावा, अशी गळ घातली गेली. एका कंपनीने हॉटेल बांधले आणि गुरे पोसण्याचे आवार काढले. १९६५ साली प्रयोगशाळा बॅटेल ह्या संशोधनसंस्थेकडे गेली. ती पुढे केंद्राची एक नामांकित राष्ट्रीय प्रयोगशाळा झाली आणि आज तिचा पसारा अणूच्या पलीकडे फार दूरवर गेला आहे.

सफाईच्या काळातही असे बी पेरले गेले. विषारी जागी काम कसे करावे हे शिकवणारे केंद्र उभे राहिले. २०१५ साली केंद्राने न बिघडलेल्या जमिनीपैकी १,६४१ एकर स्थानिक उद्योगांसाठी सोडली. त्याच वर्षी ‘बी’ भट्टी राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यानाचा भाग झाली. मी रिचलंडहून बसने ती पाहायला गेलो होतो. ज्या नळकांड्यांच्या भिंतीपुढे एके काळी चिटपाखरूही फिरकू शकत नसे, तिथे शाळकरी मुले फोटो काढीत होती. भोवती द्राक्षांचे मळे, बटाट्याची शेते आणि मद्यशाळा पसरल्या आहेत. त्या शेतकऱ्यांनाही हॅनफर्ड साफ व्हायला हवे आहे. कारण एकदा का नदीच्या पाण्याविषयी किंतु आला की गिऱ्हाईक त्यांच्या मालाकडे पाठ फिरवील.

ह्या दुसऱ्या चुलींचा परिणाम दिसतो. दोन जिल्ह्यांची वस्ती २०२० साली तीन लाखांवर गेली, म्हणजे तीस वर्षांत बरोबर दुप्पट. आणि नोकऱ्यांत हॅनफर्डचा वाटा चारांत एक होता, तो साधारण दहांत एकावर उतरला आहे. उकिरड्याची मिळकत खाता खाता गाव थोडे थोडे उकिरड्यावेगळे झाले, हे मला फार महत्त्वाचे वाटते.

एक गोष्ट तर आपल्या घरचीच निघाली. ह्याच आवारात, ओसाड माळावर, चार-चार किलोमीटर लांबीच्या दोन काटकोनी नळ्यांची ‘लायगो’ नावाची वेधशाळा आहे. १४ सप्टेंबर २०१५ रोजी विश्वातून आलेली गुरुत्वलहर माणसाने प्रथम टिपली, ती हॅनफर्ड आणि लुइझियानातील तिच्या जुळ्या वेधशाळेत. हॅनफर्डला बसवायचा दुसरा यंत्रसंच भारताला देण्याचे पुढे ठरले. तो आपल्या हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथाजवळ उभारायच्या वेधशाळेसाठी आहे. २०२३ च्या एप्रिलमध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने त्या कामाला मंजुरी दिली. बाँबसाठी ओसाड केलेल्या भूमीचे मराठवाड्याशी असे नाते जुळावे, ही मोठी मौज.

काच

टाक्यांतल्या रांध्याचे काय करायचे? तो काच बनवणाऱ्या द्रव्यांत मिसळून सुमारे ११५० अंश सेल्सिअसला वितळवायचा आणि पोलादी पिंपांत ओतून गोठवायचा. काचेत अडकलेले विष पाण्यात सहजी उतरत नाही. ह्यासाठी २००२ साली एक अवाढव्य कारखाना बांधायला घेतला. सव्वाचार अब्ज डॉलरांत होईल म्हणाले. आकडा पुढे सोळा अब्जांवर गेला. मी पाहिला तेव्हा तो सोळा वर्षे बांधला जात होता आणि त्यातून काचेचा एक कणही निघाला नव्हता. अखेर २०२५ च्या ऑक्टोबरात तेथे खऱ्या रांध्याची पहिली काच ओतली गेली. तीही कमी दाहक रांध्याची. अधिक दाहक भागाची पाळी अजून यायची आहे. साऱ्या हॅनफर्डला अजून किती खर्च लागेल, ह्याचा २०१९ मधला सरकारी अंदाज ३२३ ते ६७७ अब्ज डॉलर असा होता. ज्या अंदाजाची दोन टोके एकमेकांच्या दुपटीने दूर आहेत, त्यावर कोणता गृहस्थ आपला संसार मांडील?

मला वाटते, सफाईच्या पैशाने किती पगार झाले ह्यावर तिचे यश मोजणे खोटे आहे. पगार तर बाँबनेही दिले होते. खरा हिशेब तीन बाबींचा: जमीन आणि नदी किती निवळली, काम करणारा माणूस धडधाकट घरी गेला का, आणि काम संपेल त्या दिवशी गावात दुसरी चूल पेटलेली असेल का. ज्या सरकारने तीस दिवसांत गावे उठवली, त्याने ह्या तिसऱ्या बाबीसाठी तीस वर्षे आधी तजवीज करायला काय हरकत आहे?

कोलंबियाच्या काठावर आणखीही एक हिशेब चालू आहे. तो याकामा आणि त्यांच्या शेजारच्या मूळ रहिवासी जमातींचा. १८५५ सालच्या तहाने त्यांना आपल्या नेहमीच्या जागी मासे धरण्याचा हक्क दिलेला आहे. त्यांच्या वहीत पगाराचा रकाना दुय्यम आहे. नदीतला सामन मासा निर्धास्तपणे खाता यावा, काठावरची मुळे खणता यावीत, एवढेच त्यांचे मागणे आहे. त्रिनगरीचे पांग फिटले, चांगले झाले. त्या लोकांचे फिटतील तेव्हाच सफाई पुरी झाली असे म्हणता येईल.